पाय सरळ होईपर्यंत

शिनोली
१८ मे

ति. अक्कास,

"ह्या पोरीनं कडंवर घेऊन घेऊन तिच्या पायांचा पार इळा केला."

आई हे बोलली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, तू पंचवीसची. मला बघायला आलेले ओतूरचे पाहुणे नुकतेच उठून गेले होते. पोह्यांच्या बशा तशाच पडल्या होत्या. त्यांच्यातल्या म्हातारीनं मला अंगणात चालायला लावलं, मग म्हणाली, "पोरी, साडी जरा वर धर की. घोट्यापतोर न्हाई, गुडघ्यापतोर." मी धरली. तिनं पाहिलं आणि नुसती मान हलवली. आईला कुणावर तरी ओरडायचं होतं. तू माहेरपणाला आलेली, चुलीपुढं बसलेली. तुझ्यावर ओरडली, कारण लहानपणी मला कडेवर तूच वागवलं होतंस. तव्यावरची भाकरी करपली, तेवढंच.

आईच्या दहाव्यानंतर आठ वर्षांनी लिहिते आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस हे ठाऊक आहे. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलीस तेव्हा पहिलं पत्र मला लिहिलं होतंस, तीन ओळींचं. म्हणून पत्रच लिहिते. अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाच, आणि सृष्टीकडून वाचून घेऊ नकोस.

तुझ्या सृष्टीचं मला कळलं. कसं, ते विचारू नकोस. तेवीस जूनला पुण्यात तिचं ऑपरेशन आहे. गुडघ्याखालचं हाड कापायचं, सरळ करायचं, आत पट्टी बसवायची. आधी डावा पाय, तो भरून आला की उजवा. वीस वर्षांची पोर. तिला दुखत नाही, खुपत नाही. नारायणगावच्या स्टँडवरून वारूळवाडीला चालत येते, आणि तिच्या चालीला मैत्रिणी पुरत नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी गरज नाही म्हणून सांगितलं होतं. मग तू दुसरे शोधलेस.

अक्का, गेल्या महिन्यात घोडेगावला आम्हा अंगणवाडीच्या बायांचं प्रशिक्षण झालं. लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, वर्षाच्या पोराचे पाय बाहेर वाकलेले असतातच. तीन-साडेतीनला उलट होतं, गुडघे एकमेकांना घासतात. सातव्या वर्षापर्यंत जो आकार यायचा तो येतो. कुणाच्या घराण्यात असेल तर थोडे वाकडे राहतात. मी हात वर करून विचारलं, कडेवर जास्त घेतलं तर? सगळ्या हसल्या. मॅडम म्हणाल्या, "कडेवर घेतल्यानं पाय वाकत नाहीत हो, पोर लाडावतं फक्त."

तू मला वाकडं केलं नाहीस. हे तुला कळवायला हवं असं वाटलं. पोरीच्या पायांना हात लावू देऊ नकोस.

यांचा नमस्कार. दाजींना सांग.

निर्मला


शिनोली
१ जून

अक्का,

तुझा आवाज आला. सृष्टीच्या फोनवरून, अकरा सेकंदांचा. "निर्मले, तुजे न्हाई झाले सरळ. हिचे तरी करते. पत्र पाठवू नको." मागं कुकरची शिट्टी वाजते आहे. मी तो मेसेज किती वेळा ऐकला ते लिहीत नाही. आठ वर्षांत मला कुणी 'निर्मले' म्हटलेलं नाही.

आता तुला कळलंच आहे की माझं आणि सृष्टीचं बोलणं आहे. तिला रागावू नकोस. मार्चमध्ये तिनं मला तो व्हिडिओ पाठवला. मंचरच्या स्थळाच्या लोकांनी मागवलेला, "मुलीचा चालतानाचा व्हिडिओ पाठवा, जीन्समध्ये असेल तर बरं." ओतूरच्या म्हातारीनं निदान समोर येऊन, आपला चहा पिऊन पाहिलं होतं. सृष्टी गच्चीवर इकडून तिकडं चालते आहे आणि व्हिडिओ काढणारी तू आहेस, कारण मधेच तुझं कुजबुजणं ऐकू येतं, "पाय जुळवून टाक. जुळवून." खाली सृष्टीनं लिहिलं होतं, "मावशी, काऊबॉय वाटते ना मी?" आणि पुढं हसरे चेहरे. मंचरवाल्यांनी व्हिडिओ पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर त्यांचा फोटोच दिसेना, नंबर बंद केलेला.

मी तिला विचारलं, तुला स्वतःला हवंय का ऑपरेशन? तिचं उत्तर तसंच उतरवते. "मला चालेल गं मावशी. मम्मी रडायची तरी थांबेल."

तुझी पोर तुझ्यासाठी हाड कापून घ्यायला निघाली आहे.

तू म्हणशील, हिनं कोणत्या तोंडानं सांगावं. बरोबर आहे. आईच्या दहाव्याला मी काय बोलले ते तू विसरलेली नाहीस, मीही नाही. मी पंजाबी ड्रेस घालून आले होते, खाली घट्ट लेगिंग. तू मला हाताला धरून माजघरात नेलंस आणि ट्रंकेतली साडी पुढं केलीस. "नेस ही. समदे बघत्यात." मी नाही म्हटलं. तू रडायला लागलीस. "अजून किती वर्सं अशी बघशील माझ्याकडं? मी काय करू म्हंजी फिटंल?" आणि मी म्हणाले, "माझे पाय सरळ होईपर्यंत." दारात दाजी उभे होते, चुलत्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

तू ते अक्षरशः घेतलंस. माझे सरळ करता येईनात, म्हणून पोरीचे.

आणखी एक सांगायचं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आबा गेले तेव्हा त्यांना अंघोळ घालायला यांनी हात लावला होता. घरी परतताना हे मला म्हणाले, "सासऱ्याचे पाय बघितले. तुझंच माप." आबांना आपण कधी धोतराशिवाय पाहिलं? मेंढरांमागं जाताना धोतर गुडघ्यावर खोचलेलं असायचं, पण तेव्हा आपण मेंढरं बघायचो. आठवून बघ. आबा चालायला लागले की लोक म्हणायचे, "यमाजीची चाल बघा, गुडघ्यात वारं खेळतंय, असला गडी घाट चढतोय." कौतुकानं म्हणायचे, राव! बाप्याच्या पायांत वाकडेपणा असला की ती ताकद असते. आपल्या बायकांच्या पायांत असला की कुणीतरी केलेला असतो.

आणि आई? चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर संसार केला तिनं. मेंढरांच्या एका वाड्यावर, एका घोंगडीखाली. तिला ठाऊक नसेल? तिनं ते आठव्या वर्षापासून मला कडेवर वागवणाऱ्या पोरीच्या माथी मारलं आणि मरेपर्यंत परत घेतलं नाही. आता ती नाही, म्हणून मी तुला लिहिते. तिला विचारायची माझी हिंमत झाली नसती.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. हे नारायणगावला टोमॅटोची कॅरेटं आणायला येणार आहेत, हातात देतील.

निर्मला


शिनोली
१० जून

अक्का,

हे परत आले ते हसत. म्हणाले, तुझी बहीण म्हणाली, "पावणं, च्या घ्या, शेवगाठी घ्या, पण पत्र माघारी न्या." यांनी चहा घेतला, शेव खाल्ली आणि निघताना पत्र गोठ्याच्या खिडकीत ठेवलं. सृष्टी सांगते की तू ते दुपारी म्हशीजवळ बसून वाचलंस. बोट फिरवत. तिसऱ्या दिवशी दाजींना म्हणालीस, "पुण्याची पिशवी भराया घ्या."

आबांचे पाय कळूनही तू थांबत नाहीस, म्हणजे तुला अजून कळलेलं नाही की हे कुठून सुरू झालं. तो भाग माझ्याकडं आहे. तो मी दोन्ही पत्रांत लपवला.

घोडेगावच्या त्या मॅडम गेल्या महिन्यात आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या एकोणीस वर्षांपूर्वी. मी नुकतीच अंगणवाडीत लागले होते, लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. सृष्टी तेव्हा सव्वा वर्षाची होती.

बाकी सगळं खरं आहे. मी हात वर केला, बाया हसल्या, मॅडम तेच बोलल्या. एसटीत खिडकीजवळ बसून मी शिनोलीपर्यंत रडत आले, आनंदानं. ठरवलं होतं की रविवारी वारूळवाडीला जायचं, उंबऱ्यातूनच ओरडायचं, अक्का, तू नाही केलंस!

रविवारी तूच आलीस. दर महिन्याला यायचीस तशी. पिशवीत डाळ, शेंगदाणे, माझ्यासाठी रुंद काठाची साडी. "फॉल लावूनच आणलाय, पाऊल झाकंल असा." माझ्या सासरच्या माणसांनी तुला काही विचारलं तरी तू मान खाली घालूनच उत्तर द्यायचीस. माझी तीन स्थळं मोडल्यावर दाजींच्या धाकट्या भावासाठी तू तुझ्या सासूच्या पाया पडली होतीस आणि तिनं तुला पायानं बाजूला सारलं होतं. शेवटी हे मिळाले, बिजवर, बारा वर्षांनी मोठे. माणूस सोन्यासारखा निघाला. पहिल्याच आठवड्यात मी माझे पाय दाखवून रडले तर म्हणाले, "आमच्यात मेंढरू इकत घेताना दात बघत्यात. पाय उभं राह्यला असले म्हंजी झालं." मी तेव्हाच हसले होते. पण तू लग्नात माझ्या कानाशी म्हणालीस, "माज्यामुळं तुला बिजवर मिळाला." तो शब्द मी जपून ठेवला.

त्या रविवारी मी तुला चहा दिला. सांगितलं नाही. वाटलं, पुढच्या महिन्यात सांगू.

मी तुला सांगितलं असतं तर तू मोकळी झाली असतीस. आणि मोकळं झालेलं माणूस दर महिन्याला कशाला येईल? मला आई अशी तूच होतीस, अक्का. आई मेंढरांमागं असायची. कोकणात उतरताना घोड्यावर कोकरं, कोंबड्या, भांडी, आणि मी तुझ्या कडेवर. अख्खा माळशेज तू मला कडेवर घेऊन उतरली आहेस. अजूनही तू रिकाम्या हातानं उभी राहिलीस तरी डावी कंबर बाहेर काढून उभी राहतेस, जसं काही तिथं कुणी बसलेलं आहे. दुसरीत असताना तुझी शाळा सुटली ती माझ्यामुळं. मी तुझ्या कडेवरून उतरायलाच तयार नव्हते, एवढाच माझ्या न सांगण्याचा अर्थ. चोवीस-पंचवीस वर्षांची बाई.

पण एवढ्यावर थांबत नाही ते.

पुढच्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडं आले. सृष्टी दोन वर्षांची झाली होती. दुपारी निजलेली. तू तिच्या अंगावरचं पांघरूण काढून मला दाखवलंस. कमरेपासून घोट्यापर्यंत जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी दोन्ही पाय एकमेकांना बांधलेले. मधे फळीचा तुकडा. पट्ट्यांचे वळ उठले होते. तू म्हणालीस, "रोज बांधते. दिवसा खालीच ठेवते. कडंवर म्हणून घेत न्हाई. लई रडती, हात वर करती, तरी न्हाई घेत. तुजी शप्पत, जल्मल्यापासून एकदा पण न्हाई." लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली पोर, आणि तू तिला कडेवर घेतली नव्हतीस. तुझ्या चेहऱ्यावर बक्षीस मिळवायला आलेल्या पोरासारखे भाव होते. तू माझ्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होतीस.

मला सगळं ठाऊक होतं. मॅडमनी काढलेलं पायांचं चित्र माझ्या वहीत होतं, आणि ती वही पिशवीत होती, त्या खोलीत.

मी म्हणाले, "बरं करतीस अक्का. माझ्यासारखी नको व्हायला."

हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. आईचं वाक्य रागातलं होतं. माझं शांतपणे बोललेलं आहे.

आणि आता त्याहून वाईट. दहाव्याला मी ते बोलले, माझे पाय सरळ होईपर्यंत, तेव्हा माझ्या पायांचं मला काहीच वाटत नव्हतं. कितीतरी वर्षं वाटत नव्हतं. अंगणवाडीत लागल्यावर तिसऱ्या का चौथ्या वर्षाची गोष्ट. मी पाय जुळवून उभी होते, साडी खोचलेली, फरशी पुसून झालेली. एका पोरानं माझ्या पोटऱ्यांच्या फटीतून प्लास्टिकचा छोटा चेंडू पलीकडं घातला. दुसऱ्यानं अडवला. "बाई, हलू नका ना, गोल व्हायचाय!" अर्धा तास मी हलले नाही. अठरा पोरं ओरडत होती. त्यांना माझ्या पायांत खोट दिसत नव्हती, फट दिसत होती, आणि तिचा उपयोग. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा खालपर्यंत पाहिलं. आबांचे पाय. चांगले होते. अजून आहेत. भीमाशंकरच्या रस्त्यावर सर्वेक्षणाला मी आठ-आठ किलोमीटर चालते, बरोबरीच्या बाया बसून घेतात.

त्यानंतरच मी लेगिंग घालायला लागले. म्हणजे बघ, मी सुटले होते. तुला मात्र बांधलेलंच ठेवलं. दहाव्याला तू साडी पुढं केलीस तेव्हा मी नुसतं खरं बोलायला हवं होतं, की मला हे पाय आवडतात, अक्का. तेवढं सोडून मी तुझ्या सवयीची जखम उघडली, कारण ती कुठं आहे हे मला नीट माहीत होतं.

सृष्टीचे पाय तुझ्या पट्ट्यांनंतरही वाकलेच. आता तू समजतेस की पट्ट्या कमी पडल्या, म्हणून सुरी. तू पोरीला कडेवर घेतली असतीस तरी ते असेच झाले असते. नुसती ती रडली नसती.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि देणंच तुझं काम झालं आहे.

निर्मला


शिनोली
१८ जून

अक्का,

यांनी पत्र तुझ्या हातात दिलं. यांच्याकडून शब्द न् शब्द वदवून घेतला आहे मी. तू उभ्यानं वाचलंस, यांना खाटेवर बसायला सांगितलंस, वाचून झाल्यावर घडी घातलीस. मग म्हणालीस, "पावणं, तिला सांगा, मला म्हाईत व्हतं." हे म्हणाले, काय माहीत होतं? तू म्हणालीस, "पाय आबाचं हायती ते. मी वाड्यावर त्यांचं धोतर धुवायची. मला न्हाई दिसायचं?"

मी रात्रीपासून या एकाच वाक्याभोवती फिरते आहे. तुला माहीत होतं. आई चुलीपुढं तुझ्यावर ओरडली तेव्हाही माहीत होतं. तू ते का घेतलंस स्वतःवर? आबांचं नाव घेणं पोरीच्या जातीला शोभत नव्हतं म्हणून? की तुलाही माझ्यासारखंच वाटायचं, की हा धागा तुटला तर आपल्या दोघींमधे दुसरं काही उरणार नाही?

मग पट्ट्या कशाला बांधल्यास, अक्का? माहीत असून? यांनी तेही विचारलं, मला माहीत आहे, यांना राहवत नाही. तू म्हणालीस, "म्हाईत आसनं येगळं. आन् लोकं दहा वेळा बोलल्याव ते खरं वाटनं येगळं." आणि आत निघून गेलीस. ऑपरेशनचं काही बोलली नाहीस. सृष्टीचा कालचा मेसेज आहे, पिशवी दारात भरून ठेवली आहे.

म्हणजे तू थांबणार नाहीस. मी वाक्यावर वाक्य रचून तुला थांबवू शकेन असा भ्रम मला होता. शब्दांनी जे बांधलं ते शब्दांनीच सोडवता येईल, असं वाटत होतं.

म्हणून आता काही पटवत नाही. फक्त मागते.

परवा, शुक्रवारी, अंगणवाडीत वजनाचा दिवस आहे. सकाळी दहाला ये. स्टँडवर उतरलीस की डाव्या हाताला निळं पत्र्याचं दार आहे. सृष्टीलाही आण. तिथं मी वजन घेईन, तू भिंतीला टेकून बसून नुसते पाय बघ. मुलांचे, त्यांना घेऊन आलेल्या आयांचे, आज्यांचे. कुणाशी बोलू नकोस. माझ्याशीही नाही बोललीस तरी चालेल. तिथं एक पोर आहे, चौदा महिन्यांची, ठाकरवाडीवरून येते. पाय अगदी इळ्यासारखे. कुणालाही बघून हात वर करते.

तिला कडेवर घे. डाव्या. आणि सृष्टीला समोर उभी करून ते बघू दे.

मग सोमवारी पुण्याला जायचं असेल तर जा, मी दवाखान्याच्या बाहेर डबा घेऊन बसेन.

तू यायची नाहीस. यांना पत्र घेऊन जायला सांगितलं तेव्हाच हे म्हणाले, "येणार न्हाई ती, कशाला कागद घालवतीस." मलाही ठाऊक आहे. तेवीस वर्षांपूर्वी तुझ्या सासूनं तुला सारलं तसं तू मला सारशील, आणि तुला तो हक्क आहे.

तरी ये, अक्का. एकदा त्या पोरीला घे.

निर्मला